धुरेवाले सर

सरांना रुग्णांची नावं लक्षात राहत नसत, गाठी राहत. "ताई, किन्हीराजा गावची ती लिंबाएवढी गाठवाली बाई फिरून आली काय?" असं विचारायचे. वाशीमच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये ते रेडिओलॉजिस्ट, मी तंत्रज्ञ. सरांचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. सर मेंदूतल्या गाठीच्या कडेलाही तेच म्हणत. म्हणून ते धुरेवाले सर.

त्यांच्या डोळ्यांचे पडदे झिजत होते. आणखी वर्षभरच नीट दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात सरांनी संगणकाला गाठ ओळखायला शिकवायचं काम घेतलं. एका डोक्याचे चार तऱ्हेचे एमआरआय असतात. एकात सूज उजळ दिसते, एकात औषध टोचल्यावर गाठ. सरांनी प्रत्येकावर हाताने कड काढायची आणि संगणकाने ती पाहून शिकायचं.

घाई मी केली. "सर, एकावरच काढा. बाकी तिन्हींवर तीच रेघ मी चिकटवते." त्यांनी ऐकलं. चार महिन्यांनी आम्ही पाहतो तर संगणक प्रत्येक गाठ फुगवून दाखवत होता. स्कॅन चालू असताना रुग्ण डोकं किंचित हलवतात, म्हणून चारही चित्रं एकमेकांवर नेमकी बसत नाहीत. मी चिकटवलेल्या रेघा चांगल्या मेंदूत घुसल्या होत्या.

"शेजाऱ्याचा धुरा कोरला ना आपण," सर म्हणाले. "सर्जननं ह्यावर भरोसा ठेवला तं चांगला मेंदू कापल्या जाईन."

"चूक माझी आहे, सर."

"मंग? तुमी रडसान तं धुरा जाग्यावर येईन काय? पहिली फाइल उघडा."

सेंटरच्या मालकांनी उशिराचं कारण विचारलं, तेव्हा सर "हलगर्जी माझी" एवढंच बोलले. त्यांच्या नजरेचे चार महिने मी वाया घालवले होते. त्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही. मी आधी चारही चित्रं जुळवून द्यायची, मग ते रेघ काढायचे. शेवटी शेवटी त्यांचं नाक संगणकाच्या पडद्याला टेकायचं. पण काम पुरं केलं.

निवृत्तीनंतर एकदा त्यांना बोलावलं. संगणकाने नव्या रुग्णाची कड काढली होती.

"मले काई दिसून नाई राह्यलं. बोट धरा."

मी त्यांचं बोट पडद्यावरच्या रेघेवरून फिरवलं. एका ठिकाणी गाठ आत वळत होती. मी वळवायच्या आधीच बोट वळलं.

"माह्यासारखीच काढली," ते म्हणाले. मला हसू आलं. तेवढ्यात म्हणाले, "खुश कायले होता? म्या जिथं चुकलो असन, तिथं हेबी चुकन. दुसऱ्या डॉक्टरले दाखवल्याबिगर रिपोर्ट देऊ नका."

तसा रिपोर्ट मी आजवर दिलेला नाही.