आधी चावणं

आईला पक्षाघात झाला आणि तिचं गिळणं गेलं. इथे आखातात, जाब्रियातल्या रुग्णालयात नाकातल्या नळीने तिचं पोट भरत होतं. महिन्याभरात सुधारणा झाली नाही तर नळी थेट पोटात बसवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला ते कळलं होतं. तिने माझा हात धरला तो सोडेचना.

गिळायला शिकवणारी बाई इटलीची होती. बुटकी, पन्नाशीची, आवाज खणखणीत. मी पडलो पेट्रोकेमिकलमधला इंजिनीअर. गिळणं शिकवायला कुणाला पगार देतात, हेच मला पटत नव्हतं. त्यात तिचे शंभर नियम. एका दुपारी ती नाही असं बघून मी सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरून थर्मासमध्ये वरणाचं पाणी नेलं. आजारी माणसाला पातळ द्यायचं, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. दुसऱ्याच चमच्याला आईला ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला.

बाई धावत आली. आईला सावरलं आणि मग मला असं झाडलं, की विचारू नका. "पातळ सगळ्यात धोक्याचं! ते पळत जाऊन छातीत उतरतं. आधी चावणं परत येऊ दे."

दुसऱ्या दिवशी राग विसरून तिने मला शेजारी बसवलं आणि सांगू लागली. तिच्या भाषेत खाण्याला 'मांजारे' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'मांझे', रुमानियनमध्येही त्याचाच भाऊबंद. सगळे एकाच जुन्या लॅटिन क्रियापदातून आले आणि त्याचा अर्थ होता चावणं. खाण्यासाठी लॅटिनमध्ये वेगळा, छोटासा शब्द होता, पण साध्या माणसांच्या तोंडी हा चावण्याचाच बसला. "त्यांना ठाऊक होतं, खाणं कुठे सुरू होतं ते," ती म्हणाली. मला ते फारच आवडलं. अशी बाई आपल्या आईला मिळाली, याचा अभिमानही वाटला.

मग ती रोज खजुराचा तुकडा घशात जाऊ नये म्हणून कापडाच्या पातळ पट्टीत बांधून आईच्या दाढेखाली धरायची आणि समोर बसून स्वतःही रिकामं तोंड हलवायची. माझ्याकडून एवढंच मराठी शिकली: "चाव, आई, चाव." कंटाळा कसा तो तिला ठाऊकच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात आईचा जबडा नीट फिरू लागला. चौथ्यात गिळण्याची तपासणी पार पडली आणि नळी निघाली.

त्या दुपारी बायकोने मऊ खिचडी तूप घालून आणली. आईने पहिला घास किती वेळ चावला! आम्ही तिघं श्वास रोखून उभे. घास उतरला, ठसका नाही. माझे डोळे भरून आले.

आईने बाईकडे बोट केलं. जड जिभेने म्हणाली, "ही... जेवली का?"

बाईने घाबरून मला विचारलं, आईला काही दुखतंय का? मी अर्थ सांगितला. सकाळपासून ती पेशंट बघत होती, काही खाल्लं नव्हतं. बायकोने दुसरी वाटी भरून तिच्या हातात दिली.

बाई खाईपर्यंत आईने दुसरा घास घेतला नाही.