बावीस भाकऱ्यांचा व्यायाम

बाळंतपणानंतर नवऱ्याजवळ गेले की कळ यायची. आमच्या कंग्राळी गावात असलं कुणाशी बोलणार? थोरल्या जावेशी, तेही भाकऱ्या थापताना.

"सैल झालीयास गं," ती म्हणाली. "लघवी अडवतो तसं आवळून धर. दर भाकरीला एकदा."

आमच्या घरी सकाळी बावीस भाकऱ्या लागतात. मी बावीसदा आवळलं. दुखणं वाढलं. मला वाटलं, व्यायाम कमी पडतोय, म्हणून संध्याकाळच्या भाकऱ्याही थापायला मागून घेतल्या, वर चार जास्तच थापल्या. सासूबाई खूश! घरात सगळ्यांची वजनं वाढली आणि माझं दुखणंही.

शेवटी चिडून बेळगावात फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले. त्यांनी तपासलं. भाकऱ्यांची गोष्ट ऐकून हसू दाबत म्हणाल्या, "अहो, तुमचे स्नायू सैल नाहीतच. दुखेल या भीतीनं आखडून बसलेत आणि तुम्ही त्यांना अजून आवळताय. आता सोडायला शिका. पोट फुगवून श्वास घ्या आणि खालचं सगळं ढिलं सोडा."

तेव्हापासून तव्यावर भाकरी फुगली की मीही पोट फुगवायची. हळूहळू कळ कमी झाली. नवऱ्याजवळ जाताना दात-ओठ आवळणंही थांबलं.

एका सकाळी मी जावेला चिडवलं, "आक्का, तुमचा उपाय उलटाच की हो! तुम्हाला तरी कसा लागू पडला?"

तिनं पीठ मळायचं थांबवलं नाही.

"कुठं लागू पडला," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली, मी अजून आवळतीच हाय."