कुत्र्यापुरता मास्क

नगरपालिकेच्या भांडारातून अग्निशमनच्या लोकांना लागणारं सामान मी देते. बाकीचे गमबूट, दोर, बॅटऱ्या मागतात. त्यांच्यातल्या एका जवानाने प्लास्टिकचं नरसाळं मागितलं.

"कशाला?"

"कुत्र्या-मांजराच्या तोंडाला, बाई. माणसाचा मास्क त्यांना बराबर बसत न्हाई."

नरसाळ्याच्या काठाला त्याने सायकलची ट्यूब चिकटवली आणि मागे ऑक्सिजनची नळी जोडली. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, हातातलं काहीतरी पुसत राहतो. आगीच्या जागी पोचला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आत कोणतं जनावर बांधलंय का?"

एका दुपारी आमच्या ऑफिसमागे एका म्हातारीची खोली पेटली. म्हातारी बाहेर आली, पण तिची कुत्री साखळीला आतच राहिली. त्याने ती उचलून आणली तेव्हा ती हालत नव्हती. तो गुडघ्यावर बसला, तिच्या तोंडावर नरसाळं दाबलं आणि दुसऱ्या हाताने बरगड्या दाबू लागला.

गर्दीतला एकजण म्हणाला, "माणसाचा ऑक्सिजन कुत्रीला काहून देऊन राहिले?"

"तुमाला लागून राहिला का? आधी हिचं होऊ द्या, मंग तुमी झोपा हितं."

लोक हसले. म्हातारी हसली नाही. त्या खोलीत तिला दुसरं कोणी नव्हतं.

कुत्री ठसकली, धडपडली आणि तिने त्याचाच अंगठा फोडला.

म्हातारीने हात उगारला. "ज्यानं वाचीवलं त्यालाच चावती व्हय गं?"

रक्ताळलेला हात त्याने मध्ये घातला.

"मारू नका, मावशी. आत्ताच परत आली ती."