वीतभर माती

माळावरची माती तपासायची आम्हा मृदा सर्वेक्षणवाल्यांची एक रीत आहे. मूठभर माती डाव्या तळहातावर घ्यायची, बाटलीतलं पाणी घालून मळायची आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी लांबवायची. पट्टी लगेच तुटली की माती हलकी. इतकी वर्षं ही नोकरी केली, पण त्या पाण्याचा विचार कधी मनात आला नाही.

त्या दुपारी खड्डा जेमतेम वीतभर खणला आणि पहार मुरमावर खणकन आपटली. माती तिथेच संपली होती. मी सवयीने पाणी ओतलं, थोडं सांडलंही. मेंढरं घेऊन उभी असलेली धनगरीण बघत होती.

"सायेब, मातीला पाणी पाजताय व्हय? आन् ह्यांनी काय प्यावं?"

मी काही बोलायच्या आत एक मेंढी पुढे आली आणि माझ्या तळहातावरचा चिखल चाटू लागली. हात मागे घ्यायचा धीर झाला नाही. बाटली बाईला दिली, पण बाटलीत घोटभरच पाणी उरलं होतं.

मग फॉर्म भरला. रंग तांबूस करडा, खोली अत्यंत उथळ, चुनखडी भरपूर. ही वीतभर माती साठायला किती युगं लागली असतील, हे मी सांगू शकतो. ती धुपून चालली आहे, हेही. पुढे काय करायचं, हे विचारणारा रकानाच फॉर्मात नाही.

शेवटचा रकाना होता 'उपयोग'. आसपास गवताची काडी नव्हती. उजव्या हाताने मी 'चराई' असं लिहिलं. डाव्या हाताची बोटं मेंढी अजून चाटत होती.