बंदुकीचा नवा वायसर

आमच्या घरी एक बंदूक होती. बंदूक म्हटलं की लोक सावरून बसतात, म्हणून आधीच सांगतो, छर्‍याची होती, हवेची. नळीखाली एक दांडा होता. तो खाली ओढून परत मिटवला की आत हवा भरली जायची, आणि जितक्या वेळा मिटवाल तितका छर्‍याला जोर. नागभीडहून बदली होऊन गेलेल्या एका रेल्वेच्या साहेबाने सामान आवरताना ती टाकून दिली होती, ती बाबांनी उचलून आणली. बाबा सांधेवाले होते. लोखंडी दांडा ओढून गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे दांडा असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं त्यांचं मत होतं.

या बंदुकीने कधी काही मारलं नाही. माकडं छपराच्या कवेलूंवर नाचायला लागली की बाबा ती घेऊन अंगणात यायचे. माकडं त्यांच्याकडे बघायची आणि आपल्या सवडीने जायची. तिचं खरं काम वर्षातून एकदा, मंडईला. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. आमच्याकडचा रिवाज असा की चहा झाला की सगळ्या पाहुण्यांनी मागच्या अंगणात यायचं. तिथे भिंतीवर दिवाळीतली एक पणती ठेवलेली असायची. बाबा बंदूक भरायचे, नेम धरायचे, पणती फुटायची आणि मग जेवणं व्हायची. पणती फुटायच्या आधी कुणाला ताट वाढलेलं मला आठवत नाही.

एका मंडईला ती फुटली नाही. छर्रा बरोबर लागला, पण पणती टक् वाजली आणि जागच्या जागी डुलत राहिली. मायचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, भिंतीपर्यंत गेला, पणती उचलून उलटीसुलटी बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊजी, इले तं खरचटलं बी नाई. बंदूक म्हातारी झाली का तुमी?"

सगळे हसले. बाबा म्हणाले, आतला वायसर गेला आहे, हवा धरत नाही. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत आणि पुढे वर्षभर त्यांनी बंदूक भिंतीवरून उतरवली नाही. त्याच वर्षी ते रिटायर झाले होते. मामा मंडईला पुन्हा येणार आणि पुन्हा बोलणार, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं आणि तो विषय कोणी काढत नव्हतं.

मी तेव्हा चंद्रपूरकडे एका कारखान्यात फिटर होतो. दसर्‍याच्या सुट्टीत घरी आलो तर बाबांनी चहाच्या आधी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, इचा जोर वाढव. मला तेवढंच पुरे होतं. कुणी नुसतं करकरणारं दार दाखवलं तरी मी पाने-पकड शोधायला लागतो.

अंगणात पोतं पसरून मी बंदूक उघडली. मागच्या लाकडी दस्त्याला वाळवी लागली होती, ती खरवडून काढली. आतला चामड्याचा वायसर सुकून पापड झाला होता. दांडा मिटवला की निम्मी हवा त्याच्या बाजूने परत निसटायची, मग छर्‍याला जोर येणार कुठून. मी स्टोव्हच्या पंपाचा नवा वायसर आणला, तो घासून बसता केला आणि जवसाच्या तेलात मुरत ठेवला. हवा अडवायची रबरी चकती सायकलच्या ट्यूबमधून कापली. स्प्रिंगही जरा कडक टाकली. सगळं जोडून गोठ्याच्या दारावर एक छर्रा मारून बघितला, तर तो फळीत असा रुतला की चिमट्याने काढावा लागला. दाराचं काय केलं म्हणून मायने मला झापलं. बाबा ते भोक बघून आले आणि माझ्यासाठी कोंबडी आणायला गेले.

बाबांनी स्वतः ती एकदा तरी भरून बघावी, हे मला सुचलं नाही. त्यांनाही नाही. मंडईलाच चालवू, म्हणाले.

मंडईला मी पुन्हा रजा काढून आलो. चहा झाला, सगळे मागे आले. मामा सगळ्यात पुढे उभा राहिला. बाबांनी दांडा ओढला, मिटवला. पुन्हा मिटवला. आता हवा निसटत नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी दांडा आधीपेक्षा जड होत होता. मग तो अर्ध्यावर अडला. बाबांनी अंगाचा सगळा भार टाकला, मानेच्या शिरा वर आल्या, पण दांडा काही मिटेना.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं तो सुकलेला वायसर बाबांना सांभाळून घेत होता. हवा गळायची म्हणून दांडा हलका लागायचा, आणि दांडा हलका लागायचा म्हणून हात थकलाय हे त्यांना कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी पुढे झालो. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी होतो तिथेच थांबलो.

माय चुलीवर वडे तळत होती. इतका वेळ आवाज का नाही म्हणून ती दारात आली आणि तिने एकदा बाबांच्या हाताकडे बघितलं. मग पदराला पीठ पुसत आली, बंदूक त्यांच्या हातातून घेतली, दस्ता जमिनीला टेकवला आणि गावच्या बोरिंगच्या हातपंपावर पाणी भरावं तसा दांडा हाणत गेली. रोज सकाळी बारा भांडी भरणारी बाई ती. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. बंदूक परत देताना एवढंच म्हणाली, "घ्या. मारा लवकर, वडे करपून राह्यले."

आणि आत गेली.

बाबांनी नेम धरला. धाप खाली बसेपर्यंत ते थांबले आणि मग चाप ओढला. पणतीचा भुगा झाला. भिंतीवर नुसती लाल धूळ उरली.

मामा मोकळेपणाने म्हणाला, भाऊजी, जोर आहे बंदुकीत. त्याने जुनी गोष्ट मिटवायची म्हणूनच ते म्हटलं असावं, आणि बाबांनी नुसतं हसून घेतलं असतं तर ती मिटलीही असती. मीसुद्धा मनात म्हणत होतो, बाबा, आता काही बोलू नका.

बाबांनी बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. "मागच्या साली तू बरोबर बोलला होता," ते मामाला म्हणाले. "वायसर नाई, मीच थकलो. आता पाह्यला तो जोर तुया बहिणीचा हाये."

कुणी हसलं नाही. मायने आतून विचारलं, ताटं घेऊ काय, आणि बाबा म्हणाले, घे.