फाटकात उभी राहणारी

निपाणीच्या आमच्या शाळेचा वार्षिक निकाल लागला की ती फाटकात उभी असायची. तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्या दिवशी मात्र खाडा करायची. हसत बाहेर पडणाऱ्या पोरांकडे ती बघतसुद्धा नसे. मान खाली घातलेला कुणी दिसला, की पुढे होऊन त्याचा दंड धरायची.

मी इंग्रजी चौथीत नापास झालो, तेव्हा माझाही धरला. "घरला जायाचं न्हवं? चल, मी येते." वाटेभर तिने माझा दंड सोडला नाही. तिच्या हाताला तंबाखूचा उग्र वास होता. आमच्या दारात तिने माझ्या वडिलांना, आप्पांना, बजावले, "आदी पोराला जेवू घाला. काय बोलायचं ते मागनं बोला."

आप्पांनी विचारले, "तुम्ही कोण?"

"माझा लेक निकाल ऐकून सरळ तळ्याकडं गेलता. वाटंत त्येला कुणी आडवं आलं न्हाय." एवढे सांगून ती लगबगीने पुन्हा शाळेकडे वळली.

पुढच्या वर्षी मी पास झालो. हसत फाटकातून निघालो, तर तिने माझ्याकडे बघितलेही नाही.

निकाल वाचून दाखवायला आमच्या शाळेत एवढे मास्तर होते. त्यांतला एकही कधी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला नाही.