बोडीच्या तळाचं पाणी

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. माझ्यानंतर जी बाई हे पाण्याचं मशीन चालवेल, तिने तेवढं समजून घ्यावं.

एका उन्हाळ्यात शेवंताबाईंनी एके दिवशी सकाळीच येऊन पाण्याच्या खोलीसमोर टोपलं उपडं केलं. सगळ्या मेलेल्या शिंपल्या. तोंडं उघडी, आत काही नाही, नुसता वास.

"शोभे, हे तुया मशीननं केलं."

कॅन घेऊन बाया रांगेत उभ्या होत्या. चारचौघांत मला बोलता येत नाही.

शेवंताबाई ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या. धानासाठी अडवलेल्या लहान तळ्याला आम्ही बोडी म्हणतो. उन्हाळ्यात त्या बोडीत उतरतात, पायाने चिखल चाचपत शिंपल्या काढतात आणि नागभीडच्या बाजारात खायला म्हणून विकतात. ते दोन महिने त्यांची चूल त्यावरच पेटते.

आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. पोरांचे दात पिवळे पडतात. म्हणून गावात आरओ मशीन आलं, बचत गटाने ते चालवायला घेतलं आणि मी ऑपरेटर झाले. मशीन गोडं पाणी वेगळं काढतं. सगळा खार उरलेल्या पाण्यात जातो. त्याला रिजेक्ट म्हणतात. ते आधी रस्त्यावर वाहायचं, मोटरसायकली घसरायच्या. म्हणून मीच पाइप वाढवून बोडीत सोडला. वाटलं, ढोरं तरी पितील. पाइपचं तोंड नेमकं बोडीतल्या खोल खड्ड्यावर आलं. उन्हाळ्यात बोडी आटते, तेव्हा पाणी तिथेच उरतं.

मी फोन केल्यावर दोन दिवसांनी मशीनच्या कंपनीचे साहेब आले. त्यांनी खिशातून टीडीएस मीटर काढलं. पेनाएवढं असतं. पाण्यात बुडवलं की खार किती ते आकड्यात दिसतं. साहेबांनी काठावरून वाकून ते बुडवलं.

"पाणी ठीक आहे. उन्हाने मेल्या असतील."

"तुमी तं वरचं पाणी पाह्यलं," शेवंताबाई म्हणाल्या. "शिंपली वर राह्यते काय? बगळा हाय काय ते?"

बाया हसल्या. साहेब गाडीकडे वळले.

"महिना झाला," शेवंताबाई मागून म्हणाल्या, "खड्ड्यात पाय टाकला का टाचेच्या भेगा चरचर करतेत. वर काई नाई होत. खालीच होते."

हे ऐकलं आणि मी खोलीतून सॅम्पलची बाटली आणली. बूच घट्ट लावून शेवंताबाईंच्या हातात दिली. त्या खड्ड्यात गळ्यापर्यंत उतरल्या, बुडी मारली, तळाशी बूच उघडलं, भरल्यावर लावलं आणि वर आल्या.

साहेबांनी बाटलीत मीटर घातलं. आकडा पाहून ते शर्टाला पुसलं आणि परत घातलं. आकडा तोच. काठावरच्या पाण्याच्या कितीतरी पट.

"खारं पाणी जड असतं," ते हळूच म्हणाले. "खाली जाऊन बसतं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. पण पाइप माझ्या हातचा होता.

त्याच दिवशी पाइप काढला. आता रिजेक्ट सिमेंटच्या टाक्यात जातं आणि संडास धुवायला वापरतात. सभेत सरपंचांनी विचारलं, "चूक कोणाची?" कोणी माझं नाव घेतलं नाही. मी हात वर केला. "पाइप मी जोडला," एवढंच बोलले. शेवंताबाईंचा उन्हाळा बुडाला होता. त्याची भरपाई माझ्या मानधनातून दर महिन्याला द्यायची असं मीच ठरवलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा उतरल्या. पलीकडच्या काठाला थोड्या शिंपल्या लागल्या. खड्ड्यात एकही नाही.

मशीन चालवणाऱ्या बाईने मीटर वर बुडवून समाधान मानू नये. तळाचं पाणी काढून पाहावं.

काल शेवटचा हप्ता दिला. शेवंताबाईंनी नोटा पदराच्या गाठीत बांधल्या.

"पैसे फिटले, शोभे," त्या म्हणाल्या. "तुयाकडं आता काई बाकी नाई."

मग बोडीतल्या खड्ड्याकडे एकदा पाहून रिकामं टोपलं घेऊन घरी गेल्या.